मापाचा दोरा

पिंपळखुट्याच्या सोमवारच्या बाजारात
मिरचीवाला आणि चपला शिवणारा यांच्या मधे
माझं पोतं अंथरलेलं. एवढंच दुकान.
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा,
ताणायचा, मणी ओवायचे,
आणि मिरचीनं शिंक आली तर
आधी सर मुठीत धरायचा, मग शिंकायचं.

चेहरे मला आठवत नाहीत.
गळे आठवतात.
खडक्याची सुलोचना : दीड वीत नि एक बोट.
तिची जाऊ : माप तेच, पण मान आखूड,
म्हणून तिची गरसोळी चार बोटं वाढवून दिली.
आता ती उंच दिसते, असं नवरा म्हणाला म्हणे.
हे तिनंच सांगितलं, तोंडावर पदर धरून.

सासऱ्यांनी शिकवलं ते असं :
गोल तोंडाला लांब सर,
लांब मानेला गळ्याबरोबर ठुशी,
आणि हाडं वर आली असतील
तर खळगीवर मणी टेकवू नको पोरी,
एक बोट वर घे, नाहीतर दोन बोटं खाली सोड.
खळगीत पडलेला मणी बाईला उपाशी दाखवतो.

एकदा उकंडा आला, बायकोला न सांगता.
माप विचारलं
तर स्वतःच्याच छातीवर बोट ठेवलं.
"अठीलोक."
"तुमची छाती नाई भाऊ, तिची."
"हाओ ना. तिचं डोस्कं अठी येते माह्या, तं मंग..."
इथं त्याचा हिशेब चुकला. कान लाल झाले.
मी अंदाजानं गाठवून दिली.
पुढल्या सोमवारी बायको आली, लई लांब झाली म्हणाली,
पण मी कात्री उचलली तेव्हा
"राहू द्या," म्हणाली, आणि बसच्या दिशेनं गेली.

आचल मोबाइल पुढे करते : अशी पाहिजे.
फोटोतल्या बाईला फक्त मान आहे,
सायकल नाही, दप्तर नाही.

गोकर्णाबाई मात्र
गळ्याभोवती दोराच नेऊ देईना.
कनवटीची गाठ सोडली : अकरा सोन्याचे मणी,
जोंधळ्याएवढे, तीन हंगामांच्या वेचणीचे.
मी आरसा दिला. तिनं तो उपडा ठेवला.
म्हटलं, "मान चांगली हाये बाई, गळ्याबरोबर करू,
चारचौघीत उठून दिसन."
"चारचौघी पाह्यतीन. मले कशी दिसन थे?"

मला कळलं नाही.
तिनं मान खाली घातली,
पऱ्हाटीच्या ओळीत घालते तशी,
हनुवटी पार छातीला,
आणि बोट सरकवत सरकवत
एका जागी थांबली.
"अठी. अठी असली का मले दिसते.
कापूस येचतानी."
"पऱ्हाटीत अडकन."
"अडकू दे. सोडवीन."

या लांबीला आमच्या धंद्यात नाव नाही.
ठुशी नाही, एकदाणी नाही, गरसोळी नाही,
कुठल्याच तोंडाला शोभून दिसू नये
अशी ती जागा.
सासरे असते तर त्यांनी मणी परत केले असते.
अडीच विती आणि दीड बोट भरलं.
दीड बोट मी आजवर कुणाला मोजून दिलं नव्हतं.
दोरा दुहेरी घेतला, पऱ्हाटीच्या काड्यांसाठी,
आणि शेवटची गाठ दातानं ओढली.

पैसे देऊन ती शेजारी गेली,
मिरचीचा भाव करत उभी राहिली.
"ऐंशीनं नाई, साठनं दे," म्हणाली,
आणि मधेच मान खाली घातली.
परत वर केली. परत खाली.
मिरचीवाल्याला वाटलं, बाईला ऐंशी पटले.
तो भराभर तोलायला लागला.